पाद्रीबाबांची ईर्षा

घर सोडावे, धन सोडावे, स्वतःची इच्छासुद्धा वरिष्ठांच्या स्वाधीन करावी. पण माणसाने बाजू घेणे मात्र सोडू नये, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कोणाचीच बाजू न घेणारा मनुष्य फार लवकर शिष्ट होतो. संसारी माणूस शिष्ट झाला तर घरची मंडळी त्याला ताळ्यावर आणतात. संन्यासी शिष्ट झाला तर त्याला आणायचे कुणी? हा विचार माझ्या डोक्यात घालून देणारे गृहस्थ – गृहस्थ तरी कसे म्हणावे! – एक कॅथलिक धर्मगुरू आहेत, आणि त्यांना फुटबॉलचे वेड आहे.

फुटबॉलचे वेड म्हणजे रात्री दोनपर्यंत जागून टीव्हीवर परदेशी सामने पाहण्याचे नव्हे. ते आमच्या स्टाफरूममध्येही पुष्कळांना आहे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्यांच्या जांभयांवरून ते कळतेही. फादरांचे वेड याहून पुष्कळ अरुंद आहे, आणि म्हणूनच खोल आहे. नवी मुंबईत हार्बर मार्गाच्या लागोपाठच्या दोन स्टेशनांजवळ दोन महाविद्यालये आहेत. त्यांतले एक फादरांचे, दुसरे आमचे. या दोन महाविद्यालयांत दरवर्षी पावसाळा सरता सरता फुटबॉलचा एक सामना होतो. फादरांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही की जूनमध्ये होत नाही. ते या सामन्यापासून सुरू होते आणि या सामन्याशी संपते. महाविद्यालयांची नावे मी सांगत नाही. सांगितली, तर वाचक पहिल्यांदा प्रवेशाची टक्केवारी विचारतील!

फादर मूळचे वसईचे. त्यांचे मराठी ऐकून नवख्या माणसाला नवल वाटते. पण २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते वाटू नये. वसईच्या वाड्यांत ख्रिस्ती घरांतून पिढ्यान् पिढ्या मराठीतच भांडणे झाली आहेत, आणि ज्या भाषेत माणूस भांडतो ती त्याची भाषा. फादरांजवळ एक दोनशेपानी वही आहे. तीत या सामन्याचे सगळे निकाल, गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, रेफरीने काय घोटाळा केला, हे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. मी एकदा त्यांना विचारले, "फादर, सामन्याआधी तुम्ही प्रार्थना कुणासाठी करता?"

"दोन्ही संघांसाठी," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आमच्यासाठी थोडा जास्त वेळ."

मी मराठीचा मास्तर. पाद्री म्हटले की मला आधी आठवतात ते फादर स्टीफन्स. जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. १५७९ साली ते गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. गोव्यात या राशोलला रायतूर म्हणतात. पण याच राशोलचा फुटबॉलशीही ऋणानुबंध आहे, हे मला फादरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक विलायतेकडचे पाद्री प्रकृती सुधारावी म्हणून गोव्यात शिवोलीला येऊन राहिले. हवापालटाला आलेल्या माणसाने समुद्रावर फिरावे, पेज प्यावी आणि परत जावे. या बाबांनी शाळा काढली आणि मुलांच्या पायांत फुटबॉल दिला! ही सेंट जोसेफची शाळा पुढे हडफड्याला गेली. तिथून आणि राशोलच्या सेमिनरीतून खेळ शिकलेले तरुण धर्मगुरू होऊन गावोगाव गेले, आणि जाताना बायबलाबरोबर चेंडूही घेऊन गेले. गोव्याच्या गावागावांतून प्रार्थनेनंतर देवळासमोरच्या मोकळ्या जागेत सामने रंगू लागले. एका पाद्र्याने राशोलला पुराण दिले आणि दुसऱ्याने गोव्याला फुटबॉल. पुराण वाचणारे आज थोडे उरले आहेत. चेंडूमागे धावणाऱ्यांची मात्र मोजदाद नाही. मी भाषेचा मास्तर असूनही मला याचे वाईट वाटत नाही. पाद्र्यांनी पेरलेल्या या चेंडूपुढे पुढे गोव्याच्या आणि भारताच्या गोलात कोण उभे राहिले? ब्रह्मानंद संखवाळकर! १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्री. पाद्र्याचा चेंडू आणि ब्रह्मानंदाचे हात: धर्मसमन्वयावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, पण याहून चांगले उदाहरण ऐकलेले नाही.

त्या राशोलच्या सेमिनरीत काही काळ मार्गदर्शक असलेले आणि १९२७ साली तिथेच देह ठेवलेले हणजूणचे फादर आग्नेल यांचे नाव आमच्या वाशीतल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेला आहे. माझे फादर त्या संस्थेतले नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. पण खाडीपलीकडच्या या नव्या शहराचा धागा राशोलपर्यंत असा जाऊन पोचतो, याचे त्यांना फार अप्रूप आहे.

कुणी म्हणेल, खेळाची आवड ठीक आहे. पण धर्मगुरूने एका संघाची बाजू घेऊन घसा कोरडा करावा, हे शोभते का? मीही हे फादरांना विचारले. त्यांनी मला थेट रोमला नेले. म्हणजे गप्पांतून. जगभरातून धर्मगुरू होण्यासाठी आलेल्या तरुणांची रोममध्ये अनेक महाविद्यालये आहेत. २००७ पासून त्यांनी आपापसात क्लेरिकस कप नावाची फुटबॉलची स्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षीचा अंतिम सामना पेनल्टीच्या एका गोलवर फिरला आणि त्या पेनल्टीवरून वाद झाला. भावी पाद्र्यांतही पेनल्टीवर एकमत होत नाही, हे वाचून मला मानवजातीविषयी पुन्हा आशा वाटू लागली. या स्पर्धेत लाल आणि पिवळ्या कार्डांच्या जोडीला एक निळे कार्ड असते. ते मिळालेल्या खेळाडूने पाच मिनिटे बाहेर बसून आपल्या वागण्याचा विचार करायचा. आमच्या विधानसभेसाठी ही कार्डे मागवता येतील का, असे मी फादरांना विचारले. "पाच मिनिटांनी भागेल का, सर?" ते म्हणाले.

आणि बाजू घेण्याचे म्हणाल, तर परवा २०२५ साली निवर्तलेले पोप फ्रान्सिस हे जन्मभर सान लोरेन्झो या ब्युनोस आयर्सच्या क्लबचे अनुयायी होते. तो क्लबही एका पाद्र्याचाच. रस्त्यात खेळणारी मुले ट्रामखाली सापडता सापडता वाचली, म्हणून फादर लोरेन्झो मास्सा यांनी त्यांना चर्चचे आवार मोकळे करून दिले. त्यातून १९०८ साली क्लब उभा राहिला. पोपच्या सिंहासनावर बसल्यावर माणूस साऱ्या जगाचा होतो. तरीही सान लोरेन्झो जिंकले का, हे विचारायची त्याला चोरी नसते. त्यांच्या आधीचे एक पोप, दुसरे जॉन पॉल, लहानपणी पोलंडमधल्या आपल्या गावी गोलरक्षक होते. गावात कॅथलिक मुले आणि ज्यू मुले यांचे सामने होत. ज्यू मुलांना गोलरक्षक कमी पडला की हा कॅथलिक मुलगा त्यांच्या बाजूने उभा राहत असे. ही गोष्ट सांगताना फादरांचा आवाज हळू झाला. त्या ज्यू वस्त्यांचे पुढे दुसऱ्या महायुद्धात काय झाले, ते जगाला ठाऊक आहे.

अमेरिकेत या वेडाला सीमाच नाही. तिथला फुटबॉल पायापेक्षा हातांनीच अधिक खेळतात, पण ते सोडून देऊ. फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापन केलेले नोत्र दाम हे तिथले कॅथलिक विद्यापीठ. त्याच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर दोन्ही हात उंचावलेल्या ख्रिस्ताचे प्रचंड चित्र आहे, आणि ते मैदानातून दिसते. तिकडे गुण मिळाला की पंच असेच दोन्ही हात वर करतात. तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या चित्राला कोणते नाव दिले असेल, ते सांगायला नको. या विद्यापीठाची दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी १९२६ पासून चुरस आहे. पण बॉस्टन कॉलेज या जेझुइटांच्या, म्हणजे दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठाशी त्याचा जो सामना होतो, त्याला लोक धर्मयुद्धच म्हणतात. ते थट्टेने म्हणतात, पण आपल्याकडे या शब्दाचा अर्थ पाहा. धर्मयुद्ध म्हणजे धर्मासाठी युद्ध नव्हे. नियमाने केलेले युद्ध. पाठीवर वार नाही, निःशस्त्रावर वार नाही, सूर्यास्तानंतर शंख फुंकून थांबायचे. थोडक्यात, रेफरीच्या शिट्टीवर चालणारे युद्ध!

शब्दांचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगून घेतो. आपल्या षड्रिपूंत मत्सर आहे. ख्रिस्ती लोकांच्या सात महापापांतही मत्सर आहे. पण मराठीत आणखी एक शब्द आहे: ईर्षा. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे जवळजवळ मत्सरच. मराठीत येता येता या शब्दाने वाईट संगत सोडली. 'पोरे ईर्षेने खेळली' असे आपण म्हणतो ते कौतुकाने. 'मत्सराने खेळली' असे कुणी म्हणेल का? मत्सराला दुसऱ्याचे वाईट व्हावेसे वाटते. ईर्षेला आपण त्याच्याहून चांगले व्हावेसे वाटते. आणि त्यासाठी तो चांगलाच असावा लागतो. लंगड्याशी शर्यत जिंकून कुणाच्या अंगावर मूठभर मांस चढत नाही.

जेझुइटांना हे फार पूर्वी कळले होते. त्यांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी शिक्षणाचे नियम पक्के केले, त्यांत या ईर्षेला मानाचे स्थान दिले. वर्गाचे दोन तट पाडायचे. एक रोमन, दुसरा कार्थेजचा. प्रत्येक विद्यार्थ्याला समोरच्या तटातला एक प्रतिस्पर्धी नेमून द्यायचा. हा चुकला की त्याने दुरुस्त करायचे, तो चुकला की याने. वर्षअखेर दोघांचेही लॅटिन सुधारायचे. आमच्या शिक्षणशास्त्रात हल्ली सहकार्याचा फार बोलबाला आहे. पण आपली चूक शोधण्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसलेल्या शत्रूइतके सहकार्य दुसरा कोण करतो?

मी एम. ए. कोल्हापुरात केले. तिथे हे शिकवायला जेझुइट लागले नाहीत. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की अर्धे शहर एका कडेला आणि अर्धे दुसऱ्या कडेला. शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब: प्रत्येकाची पेठ, प्रत्येकाचा अभिमान. कधी डोकी तापतात, मारामारीही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ईर्षा आणि वैर यांच्यामधली भिंत फार जाड नाही. पण त्या शहरातल्या माणसाला 'तू कुठला?' असे विचारले, की त्याला क्षणभरही थांबावे लागत नाही.

नवी मुंबईकराला थांबावे लागते. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि तिने खाडीकाठी शहर आखले. आगरी-कोळ्यांची जुनी गावे सोडली तर इथला प्रत्येक जण दुसरीकडून आलेला. सेक्टरला नंबर असतो, ईर्षा नसते. सेक्टर सतराने सेक्टर नऊला हरवले म्हणून कुणी गुलाल उधळल्याचे मी ऐकलेले नाही. अशा शहरात दोन महाविद्यालयांचा एक जुना सामना म्हणजे परंपरेचे एवढेसे रोपटे. आणि तेच दोन वर्षांपूर्वी सुकायला आले.

त्या वर्षी आमच्या कॉलेजचा संघच उतरला नाही. गोलरक्षकाला इंटर्नशिप लागली. दोघे सी. ए.च्या क्लासला गेले. एकाच्या आईने गुडघ्याचे कारण सांगितले, पण ते दुखणे गुडघ्यात नसून प्रवेशपरीक्षेत होते. आम्ही नाव मागे घेतल्याचे पत्र पाठवले. दुसऱ्याच दिवशी फादर आमच्या स्टाफरूमच्या दारात उभे. हातात ती वही.

"सर, तुमचा संघ?"

"यंदा नाही, फादर. मुलंच मिळत नाहीत."

"मग आम्ही कुणाला हरवायचं?"

"दुसरी पुष्कळ कॉलेजं आहेत की."

"त्यांना हरवून काय करू, सर? ती माझी कुणी नाहीत."

माझ्या टेबलावर तेव्हा समानार्थी शब्दांच्या उत्तरपत्रिका होत्या. 'प्रतिस्पर्धी' या शब्दापुढे बहुतेकांनी 'शत्रू' लिहिले होते. फादरांनी त्याचा समानार्थी शब्द 'माझा' असा सांगितला. कुठल्या कोशात तो सापडणार नाही, पण मी त्याला पूर्ण गुण देईन.

पुढचे वर्षभर या माणसाने जे केले त्याला लष्करात फितुरी म्हणतात. आमच्या प्राचार्यबाईंची परवानगी काढून ते वर्गावर्गांतून हिंडले. "फुटबॉल येतो का?" असे न विचारता "पळता येतं का?" असे विचारत. अकरांची मोजणी पुरी होईना तेव्हा कँटीनमध्ये जाऊन उरलेले दोघे पकडून आणले. आमच्या पोरांजवळ बूट नव्हते, तर आपल्या कॉलेजातले जुने जोड दिले. आठवड्यातून दोन संध्याकाळी आपले मैदान दिले. आपला प्रशिक्षकही दिला. त्यांचे खेळाडू कुरकुरू लागले. "फादर, उद्या हेच आम्हांला गोल मारतील!" फादर म्हणाले, "मारू दे. अडवायला शिका."

मैदान दिले, हे मी सहज लिहून गेलो. या शहरात ते सहज नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तिथेच मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले. जग इथे येऊन खेळून गेले, याचा आम्हांला अभिमान आहेच. पण आमच्या गल्लीतल्या पोराने खेळायचे कुठे? घणसोलीला शासकीय क्रीडासंकुलासाठी राखलेली वीस एकरांची जागा होती. ते संकुल शंभराहून अधिक किलोमीटर दूर रायगड जिल्ह्यात माणगावला हलवायचे ठरले. ते प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली तो निर्णय रद्द केला. न्यायालयाने जे सांगितले ते कोणतीही आई सांगू शकली असती: संध्याकाळी खेळायला जाणारे मूल माणगावला जात नसते. मैदान गेले म्हणजे नुसती मोकळी जागा जात नाही. दोन मुलांनी एकमेकांसमोर नियमाने उभे राहण्याची जागा जाते. मग ती उभी राहतात, पण कोपऱ्यावर, आणि तिथे रेफरी नसतो.

फादरांनी गोळा केलेला आमचा संघ गेल्या वर्षी उतरला आणि पाच गोलांनी हरला. पोरे माना खाली घालून बाहेर आली. फादर मात्र खूष. आमच्या गोलरक्षकाची पाठ थोपटून त्यांनी त्याला पाच गोलांपैकी तीन कसे अडवता आले असते ते तिथल्या तिथे दाखवले. बाकीचे दोन अडवता येण्यासारखे नव्हते, असे म्हणून त्यांनी आपल्या संघाचीही शान राखली.

यंदा ऑगस्टमध्ये पाऊस उघडल्यावर पुन्हा सामना झाला. चिखल घोट्यापर्यंत. हाफटाइमला १–१. शेवटची काही मिनिटे उरली असता, कँटीनमधून पकडून आणलेल्या त्या दोघांपैकी एकाने कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने आत घातला. आम्ही जिंकलो! मी, वय वर्षे पंचेचाळीस, छत्री उलटी होईपर्यंत नाचलो. मग फादरांकडे पाहिले. वाचकांना वाटेल, ते प्रसन्न हसत असतील, आपण लावलेल्या रोपाला फळ आले म्हणून कृतार्थ झाले असतील. छे! त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. ते माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला.

"रेफरी आंधळा होता," ते म्हणाले. "तो माणूस ऑफसाइड होता."

"कॉर्नरवर ऑफसाइड नसतो, फादर."

"चेंडू मध्ये एकदा तुमच्याच माणसाच्या पायाला लागला होता. मी पाहिलं." मग बराच वेळ काही नाही. मला वाटले फोन तुटला. "सर, तुमचा तो डावा बॅक कोणत्या वर्षाला आहे?"

"दुसऱ्या."

"देवाची कृपा," फादर म्हणाले. "म्हणजे पुढच्या वर्षी आहे."

त्यांनी ऑफसाइडची नोंद वहीत केलीच असणार. मला त्याचे काही वाटत नाही. मला त्या रात्री बरे वाटले ते वेगळ्याच कारणाने. पोटच्या पोरासारखा जपलेला प्रतिस्पर्धी आपल्याला हरवतो तेव्हा मनापासून चिडणारा साधू मला समजतो. न चिडणारा समजला नसता. फादर चिडले नसते, तर वर्षभर त्यांनी जे केले ती नुसती समाजसेवा झाली असती आणि आमची पोरे तिचे लाभार्थी. ते चिडले, म्हणून आमची पोरे त्यांच्या बरोबरीची झाली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा इमारतींच्या खाली, जिन्याशेजारी, गाड्यांच्या मधल्या कोपऱ्यात मुलांचे मातीचे किल्ले उभे असतील. दोन विंगांच्या पोरांत चुरस लागलेली असेल. यांचा बुरूज उंच की त्यांचा? यांचे हळीव आधी उगवले की त्यांचे? दगडमातीची चोरी होईल, मावळ्यांची पळवापळवी होईल, रडारड होईल. पण शेवटचा मावळा चढवून झाला, शिवाजीमहाराज सिंहासनावर बसले, की हात न धुताच ही पोरे कुठे पळतात ते बघा. आईला बोलवायला नव्हे. पलीकडच्या विंगेतला किल्ला किती झाला ते पाहायला! आणि तो झालेला नसला, तर त्यांचे तोंड कसे उतरते तेही बघा.